सिगारेट सोडताना पहिल्या महिन्यात काय सांभाळावे

आपण सिगारेट सोडण्याची तारीख ठरवली, हे आपल्या पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. अठरा वर्षे ओढून मी सिगारेट सोडली. त्या अनुभवातून सुरुवातीला लागेल तेवढेच सांगतो.

आधी हिशेब मांडा. दिवसाला 10 सिगारेटी आणि एक 18 रुपयांना धरली, तर महिन्याचे 5,400 आणि वर्षाचे 65,700 रुपये होतात. टपरीवर सुटी सिगारेट घेताना हा आकडा कधीच डोळ्यांसमोर येत नाही. मात्र वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर ते कुठे गेले हेही कळत नाही, म्हणून मी रोज रात्री 180 रुपये स्टीलच्या डब्यात टाकत असे आणि महिनाअखेरीस ते पोस्टाच्या आवर्ती ठेव खात्यात भरत असे.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका अशा:

- ‘एकच झुरका’ म्हणून मित्राची सिगारेट हातात घेणे.
- सिगारेटऐवजी तंबाखू किंवा मिश्रीकडे वळणे. त्यातही निकोटीनच असते.
- सिगारेटची तलफ शमवण्यासाठी घेतलेले निकोटीनचे च्युइंगम साध्या गमसारखे सतत चघळणे. जिभेला चुरचुरू लागले, की ते गालाशी दाबून ठेवावे.

तलफ काही मिनिटांत ओसरते, पण चहाची वेळ फार कठीण जाते, त्यामुळे पहिले पंधरा दिवस टपरीवरचा चहा पूर्ण टाळा. सिगारेट सोडण्यासाठीच्या औषधी गोळ्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. लागल्यास डॉक्टर सांगतील. अगदीच राहवले नाही, तर पाकिटावर छापलेल्या 1800-11-2356 या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्रमांकावर फोन करा.