मातीत मारतो, मॅटवर दमतो

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत रोज 800 बैठका मारतो. जत्रेच्या मैदानात कुस्त्या काढतो, पण मॅटवर दुसऱ्या फेरीत हातपाय गळतात. खुराक वाढवू का? – एक पालक

उत्तर : दादा, थंडाई-बदामानं दम वाढत नसतो. जत्रेतली कुस्ती चितपटीवर सुटते; पोरगं मनगट धरून, अंदाज घेत उभं राहिलं तरी चालतं. मॅटवर त्याच्या वयोगटात 2 मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये फक्त 30 सेकंद. नुसतं उभं राहिलं की पंच हटकतो. फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांचा फरक पडला की खेळ खल्लास.

एका लयीतल्या बैठकांनी मांड्या भरतात, त्या दमाला उपयोग थोडा. आठवड्यातून दोन दिवस बैठका निम्म्या करा. त्याऐवजी 2 मिनिटं लढत, 30 सेकंद विसावा, परत 2 मिनिटं. दुसऱ्या फेरीला जोडीदार ताजा द्या. कुस्ती सुटल्या सुटल्या 15 सेकंद नाडी मोजा, मिनिटभरानं पुन्हा. दोन्ही आकडे वहीत लिहा. नाडी लवकर उतरायला लागली की समजा, दम येतोय.

वजन बसावं म्हणून आदल्या दिवशी पाणी तोडत असेल तर ते आजपासून बंद!

आणि बूट त्याच्या मापाचेच घ्या. निपाणीकडची मैदानं मारून मी पहिल्यांदा मॅटवर उतरलो तो मित्राचे, एक नंबर मोठे बूट घालून. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला वाकलो, पाय बुटातच सरकला नि तोंडावर आपटलो. लोक हसले ते हसलेच.