डॉग शोमध्ये लॅब्रडॉरचे नंबर कसे लावतात? की सगळं सेटिंगच असतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या एका शोला गेला होतात. लॅब्रडॉरच्या रिंगमध्ये दहा-बारा कुत्री होती आणि सगळी तुम्हाला एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसली. परीक्षकबाईंनी प्रत्येकाला थोडं चाचपलं, थोडं पळवलं आणि नंबर लावून मोकळ्या झाल्या. शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, 'सेटिंग असतं हो सगळं.' तेव्हा त्या बाई नक्की काय बघत होत्या, हा तुमचा प्रश्न.

सेटिंगचं आधी उरकून टाकतो, कारण तो आरोप डॉग शोइतकाच जुना आहे. नोंदी ठेवून भरवलेला पहिला डॉग शो जून १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकासलला झाला. आले होते फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचे, मिळून साठेक कुत्री. बक्षीस म्हणून तिथल्याच एका बंदूकवाल्याने बंदुका दिल्या होत्या. निकाल काय लागला? पॉइंटरमध्ये पहिला आला तो सेटरच्या परीक्षकाचा कुत्रा, आणि सेटरमध्ये पहिला आला तो पॉइंटरच्या एका परीक्षकाचा. म्हणजे सेटरचं सेटिंग पहिल्याच दिवशी झालं म्हणायचं. कदाचित ती दोन्ही कुत्री खरोखरच चांगली असतील. पण लोक काय बोलले असतील ते तुम्हीही सांगू शकाल.

मी मूळचा आटपाडीकडचा. गेली अठरा वर्षं इंग्लंडमध्ये आहे, घरात तीन लॅब्रडॉर आहेत आणि काही वर्षांपासून इकडच्या लहान शोमध्ये परीक्षकाचं काम करतो. क्रफ्ट्ससारख्या मोठ्या शोचा परीक्षक मी नाही, तिथे मी तिकीट काढून जातो. पण तुमच्या प्रश्नाला लहान शोचा अनुभव पुरतो, आणि पुण्यातली मोजपट्टीही वेगळी नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया ज्या एफसीआय या जागतिक संघटनेशी जोडलेला आहे, तिच्याकडे लॅब्रडॉरचा मूळ देश ब्रिटन असाच नोंदलेला आहे. मापंही जवळजवळ इकडचीच आहेत: नर खांद्याशी ५६-५७ सेंटिमीटर, मादी ५४-५६.

आता मुद्द्याचं. लॅब्रडॉर हा 'गनडॉग', म्हणजे बंदुकीच्या शिकारीतला मदतनीस. या गटात कामं वाटून दिलेली असतात. पॉइंटर पक्ष्याचा वास आला की एक पाय उचलून, नाक रोखून जागीच थिजतो. सेटर दबा धरतो. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतो. आणि लॅब्रडॉर, गोल्डनसारखे रिट्रीव्हर पडलेला पक्षी तोंडात धरून मालकाच्या हातात आणून देतात, तोही न चावता. ब्रीडचं 'स्टँडर्ड' म्हणून, त्या जातीचं आदर्श कुत्रं कसं असावं हे सांगणारा जो दीड-दोन पानांचा मजकूर असतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ या कामातून आलेली आहे. हे कळलं की सगळी कुत्री सारखी दिसायची बंद होतात.

शेपटीचंच बघा. लॅब्रडॉरची शेपटी बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती, चारी बाजूंनी आखूड दाट केसांनी भरलेली हवी. तिला पाणमांजराच्या शेपटीची उपमा देतात, कारण ती पोहताना सुकाणूचं काम करते. परीक्षक शेपटी हातात घेऊन मुठीतून खाली सरकवतो तेव्हा तो लाड करत नसतो. मग केस: वरून आखूड आणि थोडे राठ, आत लोकरीसारखी दाट लव. केस उलटे फिरवून मी बोट आत घालतो. आत लव असेल तर बोटाला कातडी लगेच लागत नाही. कुत्रं जानेवारीतल्या तळ्यात उतरून बाहेर आलं तर याच लवेमुळे आतून कोरडं राहतं. पुण्यात एप्रिलमध्ये हीच लव त्याच्या जिवावर उठते, पण त्याला स्टँडर्ड काय करणार!

डोळे तपकिरी किंवा हेझल, म्हणजे पिंगट तपकिरी, हवेत, आणि नजर सौम्य. घारे डोळे चित्पावनांना शोभतात, काळ्या लॅब्रडॉरच्या चेहऱ्यावर ते उगाच कठोर दिसतात. दातांची ठेवण कात्रीसारखी हवी, म्हणजे वरचे दात खालच्या दातांवर अगदी चिकटून बसलेले. रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. पिवळ्यात मात्र फिक्या सायीच्या रंगापासून कोल्ह्याच्या तांबूस रंगापर्यंत सगळं चालतं. 'सिल्व्हर लॅब' म्हणून कोणी पिल्लू दाखवलं आणि त्याच कारणासाठी जास्त पैसे मागितले, तर नमस्कार करून निघायचं.

या सगळ्यात परीक्षकाचे डोळे कमी आणि हात जास्त काम करतात. खांद्याचं हाड मागे किती कललंय, त्याला जोडलेलं वरचं हाड पुरेसं लांब आहे की आखूड, शेवटच्या बरगडीपासून मागच्या पायांच्या सांध्यापर्यंत किती बोटं अंतर आहे, हे केसांखालून चाचपूनच कळतं. हँडलर, म्हणजे रिंगमध्ये कुत्रं धरून फिरवणारे लोक, हुशार असतात. पाठ खोलगट असेल तर कुत्रं असं उभं करतात की दिसूच नये. नर असेल तर दोन्ही अंड खाली उतरलेत ना, हेही हातानेच बघावं लागतं. प्रेक्षकांत हसू फुटतं, फुटू द्यावं.

मला हे शिकताना फारसं नवल वाटलं नाही, कारण माझे आजोबा खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायला जायचे तेव्हा मी त्यांच्या मागे मागे असायचो. रुमालाखाली बोटांनी भाव ठरायचा तो फार नंतर. आधी दात: दोन दाती की चार दाती. मग खूर, मग पाठीवरून वशिंडापर्यंत हात. आणि मग ते मालकाला म्हणायचे, 'चालवून दाखव.' खोंड चालायला लागला की ते बाजूला न थांबता बरोबर त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. चेहरा सगळ्यात शेवटी. 'शिंगं बघून बैल घेतला तर शिंगांनीच नांगरावं लागतं,' असं म्हणायचे.

रिंगमध्ये पळवून बघतात ते हेच. कुत्रं सरळ लांब जातं तेव्हा मागचे पाय एकमेकांना समांतर पडतात का. परत येतं तेव्हा पुढचे पाय आत वळतात का, कोपरं बाहेर फेकली जातात का. मग गोल पळवतात तेव्हा बाजूने बघायचं की पुढचा पाय किती लांब जातो आणि मागचा किती जोर लावतो. उभं असताना हाताने लपवलेलं सगळं इथे बाहेर येतं. तुम्हाला 'थोडं पळवलं' वाटलं तिथेच निम्मा निकाल लागतो. एका कुत्र्याला दोनेक मिनिटंच मिळतात, हे खरं आहे. पण खरसुंडीतही आजोबांना तेवढाच वेळ लागायचा.

आता माझी चूक सांगतो. माझी परीक्षकाची दुसरी की तिसरीच वेळ. एका क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये रबरी मॅट टाकून भरवलेला शो. माद्यांचा ओपन क्लास, म्हणजे खुला गट, समोर पाचजणी. एक काळी होती, तुकतुकीत, डोकं तर चित्रातल्यासारखं, पुतळ्यासारखी उभी राहणारी. दुसरी पिवळी, अंगाने सडसडीत, एका कानाला फाटल्याची जुनी खूण, केसांना चमक नाही आणि सारखं दाराकडे लक्ष. चालीला मात्र ती पिवळी सरळ होती, एकदम मोकळी. काळीच्या छातीवरून हात फिरवला तेव्हा बरगड्या बोटांना लागल्या नाहीत. मी मनाशी म्हटलं, केस दाट आहेत. केस नव्हते, चरबी होती. मला ते त्या क्षणी कळलं होतं, आणि तरी लाल कार्ड काळीला दिलं. (इकडे पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळं.) पिवळीला दुसरी लावली.

त्याच डिसेंबरात मी एका शूटला, म्हणजे बंदुकीच्या शिकारीला, गेलो होतो. इंग्लंडमध्ये फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. बंदुका चालवणारे वेगळे असतात; मी आणि माझ्यासारखे काहीजण मागे कुत्री घेऊन उभे राहतो, पडलेले आणि जखमी पक्षी गोळा करायला. पलीकडच्या बांधावर तीच पिवळी दिसली. एक फेझंट पंखाला गोळी लागून ओढ्यापलीकडे पडला आणि काटेरी झुडपात पळाला. म्हातारे मालक काही बोलले नाहीत, नुसता हात केला. ती ओढ्यात उतरली, पलीकडच्या उभ्या दरडीवर चढली, दिसेनाशी झाली. चार-पाच मिनिटांनी आली ती डोकं वर धरून, पक्षी तोंडात. मालकांनी तो घेतला, पुढचं काम एका झटक्यात उरकलं आणि माझ्या हातात दिला. 'बघा,' म्हणाले.

काय बघायचं ते मला माहीत होतं. गनडॉगच्या कामाच्या ज्या स्पर्धा असतात, त्यांना फील्ड ट्रायल म्हणतात, तिथे कुत्र्याने आणलेला पक्षी परीक्षक हातात घेऊन अंगठा आणि बोटाने त्याच्या दोन्ही बाजूच्या बरगड्या दाबून बघतो. चिरडलेल्या असतील तर कुत्रं 'कडक तोंडाचं' ठरतं आणि बाद होतं. या पक्ष्याच्या बरगड्या जशाच्या तशा होत्या. मी शोमध्ये काळीच्या बरगड्या नीट शोधल्या नव्हत्या, आणि इथे पिवळीने आणलेल्या पक्ष्याच्या मोजत होतो. म्हाताऱ्यांनी मला ओळखलं होतं. म्हणाले, 'त्या दिवशी तिचं लक्षच नव्हतं, तुम्ही बरोबर लावलंत.' भला माणूस. बरोबर लावलं नव्हतं.

या चरबीचा प्रश्न एकट्या माझा नाही. लॅब्रडॉरला भूक जास्त असते यात थोडा दोष जनुकांचा आहे: केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशी कुत्री जास्त खा-खा करतात, वजनानेही भारी असतात. पण वाडग्यात किती घालायचं ते जनुक ठरवत नाही. रिंगमध्ये गुबगुबीतपणाला 'भरीव' म्हणायची सवय परीक्षकांनीच लावली. २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आरोग्यावर एक माहितीपट दाखवला, त्याने मोठं वादळ उठलं. पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपण केलं नाही, आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने सगळ्या ब्रीडची स्टँडर्डं तपासून दुरुस्त केली. आता प्रत्येक स्टँडर्डच्या सुरुवातीलाच परीक्षकाला बजावलेलं असतं की ज्याने कुत्र्याच्या तब्येतीला अपाय होईल असा कुठलाही अतिरेक बक्षिसाला पात्र धरू नका. कागदावर चांगलं आहे.

आणि शो म्हणजे काम नव्हे, हे इकडची व्यवस्थाही कबूल करते. ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेट (मोठ्या शोमध्ये जातीतल्या सर्वोत्तम नराला आणि मादीला मिळणारी) मिळाली की इतर गटांतलं कुत्रं बहुधा 'चॅम्पियन' होतं. गनडॉग मात्र फक्त 'शो चॅम्पियन' होतो. नुसतं 'चॅम्पियन' म्हणवून घ्यायला त्याला शेतात, पक्ष्यांवर काम करून दाखवावं लागतं. रिंग आणि फील्ड ट्रायल दोन्हीकडे चॅम्पियन झालेला पहिला लॅब्रडॉर म्हणजे बँकरी बोलो, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातला. आज कामाचे लॅब्रडॉर आणि शोचे लॅब्रडॉर इतके वेगळे झालेत की शेजारी उभे केले तर तुम्ही दोन जाती म्हणाल. भारतात वन्यजीव कायद्याने शिकारच बंद आहे, तेव्हा तिथल्या परीक्षकाला बोटांवर आणि चालीवरच विसंबावं लागतं.

मग सेटिंग अजिबात नसतं? असतं, पण तुमच्या शेजाऱ्याला वाटतं तसं पाकिटाचं क्वचित. जास्त करून ओळखीचं असतं. परीक्षकाच्या हातात कॅटलॉग नसतो, हँडलरच्या अंगावरचा नंबर सोडून त्याला काही कळू नये अशी सोय असते, पण पंधरा वर्षं त्याच वर्तुळात फिरणाऱ्याला हँडलरचा चेहरा दिसतोच. नावाजलेला हँडलर असला की कुत्रंही चांगलंच असणार, असं आपोआप वाटायला लागतं. इकडचे जुने लोक म्हणतात, दोरीचं खालचं टोक बघा, वरचं नको. नियमाने परीक्षकाला एकही कुत्रं लायक वाटलं नाही तर पहिला नंबर न देण्याचाही अधिकार आहे. मी तो आजवर वापरलेला नाही, तेवढी हिंमत अजून झालेली नाही.

पुढच्या वेळी गेलात तर रिंगच्या लांब बाजूला, खुर्च्यांमध्ये बसू नका. जिथून कुत्री सरळ तुमच्याकडे येतात आणि सरळ लांब जातात त्या टोकाला उभे राहा. पहिल्या फेरीत फक्त पाय बघा, आणि परीक्षकाचे हात बरगड्यांवर किती वेळ थांबतात ते बघा. मनातल्या मनात तुमचे नंबर लावून ठेवा. निकाल झाल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, परीक्षकांना जाऊन सरळ विचारा की अमक्याला मागे का टाकलंत. आधी नको, रिंग चालू असताना तर मुळीच नको. बहुतेकजण आनंदाने सांगतात. सांगायला टाळाटाळ केली तर तुमच्या शेजाऱ्याला चहा पाजा.