लिपो बॅटरी कशी सांभाळायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस ओसरला, सकाळची हवा शांत व्हायला लागली की आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या विमानवाल्यांची पत्रं वाढतात, आणि यावेळी जवळजवळ सगळी लिपोबद्दलच, म्हणजे त्यातल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीबद्दलच आहेत. त्यातली चार घेतोय.

प्रश्न (अकोला): सर, माझ्याकडे फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान आहे, बॅटरी थ्री-एस (एकापुढे एक जोडलेले तीन सेल), क्षमता २२०० एमएएच, म्हणजे २.२ अँपिअर-अवर. घेऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि मधे फुगलीये, आधी आठ मिनिटं उडायचं ते आता चारवर आलंय. मी काळजी घेतो खरंतर, रविवारी उडवून आलो की लगेच फुल चार्ज करून कपाटावर ठेवतो म्हणजे पुढच्या रविवारी तयार. दुकानदाराने जुना माल दिला असेल का?

उत्तर: माल कसा होता ते इथून सांगता येणार नाही, पण तुम्ही जे काळजी म्हणून करताय ना, तेवढं एक कारणही बॅटरी फुगायला पुरेसं आहे. लिपोचा एक सेल फुल असताना ४.२ व्होल्टवर असतो, आणि त्या अवस्थेत आतलं रसायन स्वस्थ बसत नाही, हळूहळू विघटन चालू राहतं, गॅस तयार होतो, तोच गॅस म्हणजे ती फुगलेली पिशवी. उष्णतेने हे सगळं आणखी वेगात होतं, आणि अकोल्याचा एप्रिल-मे, वर कपाटाच्या माथ्यावर, म्हणजे खोलीतली सगळ्यात गरम जागा. बऱ्याच बॅटऱ्या आकाशात खराब होत नाहीत, घरी पडून खराब होतात, हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

ठेवायची ती अर्धवट चार्ज करून. सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्ट, थ्री-एसला एकूण साधारण ११.४ ते ११.५५. चार्जरमधे स्टोरेज मोड असतो, तो लावला की बास. उडवायच्या दिवशी सकाळी १सी ने, म्हणजे क्षमतेच्या एकपट करंटने, २२०० ला २.२ अँपिअरने, चार्जिंगला लावा, पाऊण तास ते तासात फुल होते. आणि रविवारी वारा सुटला, उडवणं रद्द झालं, तर भरलेली बॅटरी तशीच ठेवू नका, परत स्टोरेजला आणा. छोट्या चार्जरची डिस्चार्ज करायची ताकद ५ वॅटच्या आसपासच असते त्यामुळे या पॅकला दोन-अडीच तास लागतात, रात्री झोपायच्या आधी सुरू करू नका, संध्याकाळीच लावा. जागा म्हणाल तर कपाटाचा खालचा कप्पा, घरातली थंड खोली, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तर अजिबात नाही.

आता ही फुगलेली बॅटरी. वापरू नका, आणि कृपा करून सुई टोचून गॅस काढू नका, आग लागते. अंगणात वाळूवर ठेवून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा, पूर्ण विझेपर्यंत जवळ थांबा, मग कनेक्टरला टेप लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मिठाच्या पाण्याचा उपाय सगळीकडे सांगतात पण त्यात वायर जोडायच्या धातूच्या पत्र्या गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो. घंटागाडीत तर टाकूच नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी वेगळी काढून देणं ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि कचरा दाबणाऱ्या गाडीत पेट घेतला तर ती झळ कामगाराला बसते.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष): दादा, आम्ही ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) कटऑफ लागेपर्यंत, म्हणजे व्होल्टेज उतरून ते मोटर बंद करेपर्यंत उडवतो, म्हणजे पूर्ण बॅटरी वापरली जाते. सिनियर म्हणतात टायमर लाव. किती मिनिटांचा लावू? आणि एक पॅक शून्यावर गेलाय, चार्जरच्या एनआयएमएच (निकेल बॅटरीच्या) मोडवर टाकून जिवंत होतो असं व्हिडिओत पाहिलं, करू का?

उत्तर: सिनियरचं ऐक. कटऑफ हा शेवटचा उपाय आहे, पेट्रोलचा काटा नाही. बहुतेक ईएससी फक्त एकूण व्होल्टेज बघतो, एकेक सेल त्याला दिसतच नाही. समज ९.६ ला कटऑफ आहे, तर दोन सेल ३.४ वर आणि तिसरा २.८ वर असला तरी बेरीज ९.६ च येते, म्हणजे कमजोर सेल रोज मरतोय आणि तुला पत्ता नाही. वर मोटर बंद पडते ती नेमकी विमान लांब असताना.

टायमर असा काढ. आधी पाच मिनिटांचा टायमर लावून नेहमीसारखं उडव, उतरव, आणि परत फुल करताना चार्जरने किती एमएएच भरले ते बघ. समज १४०० भरले, म्हणजे मिनिटाला २८०. आपल्याला ८० टक्केच वापरायचेत, २२०० चे १७६०, भागिले २८०, सव्वासहा येतात, टायमर सहाचा लाव. उतरल्यावर थोडा वेळ थांबून चेकर (सेलचं व्होल्टेज दाखवणारं छोटं यंत्र) लावलास तर सेलमागे ३.७ च्या वर दिसायला हवं. आणि उतरल्या उतरल्या प्लग काढायचा, ईएससी आणि रिसीव्हर थोडा थोडा करंट खातच राहतात, रात्रभर जोडलेली राहिली की शून्य. तुझा तो पॅक बहुधा असाच गेलाय.

तो जिवंत करू नकोस. सेल फार खाली जाऊन पडून राहिला की आतलं तांबं विरघळतं आणि परत चार्ज करताना नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. आणि एनआयएमएच मोडला चार्जर लिपोची ४.२ ची मर्यादा पाळतच नाही. दोन हजाराच्या पॅकसाठी हॉस्टेलची खोली धोक्यात घालायची नाही.

बॅटरीवर २५सी वगैरे लिहिलेलं असतं, म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट देईल असा दावा, त्यावरही डोळे झाकून जाऊ नको. २.२ गुणिले २५ म्हणजे ५५ अँपिअर होतात कागदावर, पण स्टिकरवरचे आकडे बऱ्याचदा फुगवलेले असतात, मी निम्मंच धरून चालतो. उतरल्यावर बॅटरी हातात धरवत नसेल तर प्रॉप (पंखा) मोठा झालाय किंवा पॅक लहान पडतोय.

प्रश्न (डोंबिवली): माझा मुलगा नववीत आहे, रात्री बेडरूममधे बॅटरी चार्जिंगला लावून झोपतो. आग लागल्याचे व्हिडिओ बघून मला झोप येत नाही. हा छंद बंद करायला सांगू का?

उत्तर: ताई, छंद बंद करू नका, चार्जिंगची वेळ आणि जागा बदला. तुमची भीती खरी आहे, त्याला माझं नाव सांगून हे नियम लावा: घरात जागं माणूस असतानाच चार्जिंग, आणि तेही फरशीवर, गादी-पडद्यापासून लांब, बॅटरी वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत. फायरप्रूफ पिशवी चालेल पण ती आग थोडीफार थोपवते, पूर्ण थांबवेलच असं नाही. स्टार्ट दाबायच्या आधी स्क्रीन मोठ्याने वाचायची, लिपो, थ्री-एस, २.२ अँपिअर, आणि बॅलन्सची पांढरी वायर (सगळे सेल सारखे भरण्यासाठीची) प्रत्येक वेळी लावलेली हवी. विमान आपटलं असेल तर बॅटरी लगेच घरात आणायची नाही, बाहेर मोकळ्या जागी तासभर लक्ष ठेवायचं, पोचा दिसला तर बाद.

आणि धूर निघालाच तर तो विषारी असतो, बॅटरी उचलायला जाऊ नका, सगळ्यांना बाहेर काढा, जमलं तर मेन स्विच पाडा, १०१ ला फोन करा.

प्रश्न (नागपूर): पुण्याला फ्लाय-इनसाठी (आरसीवाल्यांच्या उडवायच्या मेळाव्यासाठी) प्रवासी विमानाने जातोय, बॅटऱ्या नेता येतात का?

उत्तर: येतात, पण हँडबॅगमधेच, चेक-इनमधे सुट्या लिपो चालत नाहीत. मर्यादा वॅट-अवरवर (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर) आहे, १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची लागते. तुमची थ्री-एस २२०० म्हणजे ११.१ गुणिले २.२, साधारण २४.४, त्यामुळे अडचण नाही. किती नग चालतील ते प्रत्येक एअरलाइनचं वेगळं असतं, आधी विचारून घ्या. स्टोरेज चार्जवर आणा, प्रत्येक कनेक्टरला टेप, प्रत्येक पॅक वेगळ्या पिशवीत, आणि स्टिकरवर वॅट-अवर छापलेलं नसेल तर मार्करने लिहून ठेवा, सिक्युरिटीला समजावताना बरं पडतं.