वाचणारा कोण, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं

"मॅडम, मला लिहिताच येत नाही. इंग्रजी कच्चं आहे माझं. प्लेसमेंटला काय होणार?"

व्यवस्थापन शाखेच्या मुलांकडून हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. ऑगस्टमध्ये एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर बसून हेच म्हणाली आणि रडायला लागली. रात्री झोप नाही, जेवण जात नाही. शाळा मराठी माध्यमाची आणि घरातली पहिली पदवीधर. तिच्या परवानगीनंच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

उन्हाळ्यातलं प्रोजेक्ट तिनं तासगाव भागात बेदाण्याची प्रतवारी आणि पॅकिंग करणाऱ्या एका छोट्या उद्योगात केलं होतं. मालकांना सगळे शेठ म्हणतात. त्यांनी तिच्याकडे दोन कामं दिली होती. एक म्हणजे खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशासाठी, बँकेला द्यायचा प्रस्ताव, दुसरं म्हणजे शीतगृहात माल ठेवलेल्या शेतकऱ्यांना प्रतवारीच्या सेवेबद्दल पाठवायची माहिती. तिनं ४२ पानं लिहिली. शेठनी ती चाळली, "छान आहे" म्हणाले आणि खणात ठेवली. महिनाभर कुणी त्या कागदांचं नावही काढलं नाही. तेव्हापासून "आपल्याला जमत नाही" हे तिच्या मनात घट्ट बसलं.

सुरुवातीला मलाही हा इंग्रजीचा न्यूनगंडच वाटला. पण ती पानं मी वाचली. भाषेत लहानसहान चुका होत्या, पण अडावं असं काही नव्हतं. अडचण दुसरीच होती. पहिल्या पानावर द्राक्षाचा इतिहास, मग स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांचा तक्ता), मग उद्योगातली स्पर्धा जोखण्याचं मायकेल पोर्टर यांचं १९७९ चं फाइव्ह फोर्सेस मॉडेल. किती कर्ज हवं, हे एकतिसाव्या पानावर.

मी विचारलं, "हे कोण वाचणार होतं?"

"सर." म्हणजे तिचे मार्गदर्शक.

"आणि बँकेत?"

ती गप्प. बराच वेळ गप्प. त्या माणसाचा विचार तिनं एकदाही केला नव्हता, आणि यात मी तिला दोष देणार नाही. पहिलीपासून आजवर तिनं जे काही लिहिलं, त्याचा वाचक एकाच जातीचा होता. त्याला उत्तर आधीच माहीत असतं, शेवटपर्यंत वाचणं हे त्याचं कामच असतं, आणि जास्त लिहिलं की तो दोन गुण जास्त देतो. सोळा-सतरा वर्षं अशा वाचकासाठी लिहिल्यावर अचानक असा माणूस समोर येतो की ज्याला उत्तर माहीत नाही, वेळ नाही आणि वाचलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. मुलं त्यालाही उत्तरपत्रिकाच देतात. ती बाजूला पडली की "मला लिहिता येत नाही" असा अर्थ काढतात. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो किती मुलांना आतून पोखरतो हे मी रोज पाहते. म्हणून हे इतकं कळवळून सांगते आहे.

त्या दिवशी मी तिला लिहायला काहीच दिलं नाही. म्हटलं, "शेठना सांगून बँकेतल्या कर्ज अधिकाऱ्याला एकदा भेटून ये. आपलं काही सांगू नकोस. ते आधी काय बघतात, एवढंच विचार."

आठवड्यानं ती आली ती वहीभर टिपणं घेऊन. अधिकारी आधी बघतात विक्री. ती जीएसटीच्या विवरणपत्रांशी जुळते का, जुनी थकबाकी आहे का आणि मालक स्वतः किती घालतो. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीनं सुचवलेला हिशेब धरतात. अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के ही एकूण गरज, त्यात विक्रीच्या २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. शेठची विक्री २ कोटी धरली तर गरज ५० लाखांची, बँकेचे ४० आणि शेठचे १०. हे सगळं तिला वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत तिनं लिहिलंही होतं. हाच हिशेब कुणीतरी टेबलामागे बसून खरोखर शोधत असतो, हे तिला तिथं कळलं.

आणखी एक गोष्ट तिनं स्वतःहून टिपली, ती मला फार मोलाची वाटली. शाखेतला अधिकारी एकटा निर्णय घेत नाही. तो स्वतःची टिपणी लिहून वरच्या कार्यालयात पाठवतो. "म्हणजे मॅडम, मी जे लिहीन त्यावरून ते पुढं लिहिणार. त्यांना वरून काय विचारतील, ते माझ्या कागदात पाहिजे." वाचकाच्या मागचा वाचक तिला दिसला होता. मी हे तिला सांगितलं नव्हतं.

नवा प्रस्ताव तीन पानांचा झाला. रक्कम पहिल्या ओळीत. बेदाणा फेब्रुवारी ते मे या काळात तयार होतो आणि विकला जातो वर्षभर, म्हणून पैसा कोणत्या महिन्यांत अडकतो, याचा एक तक्ता.

मग ४२ पानांचं काय? ती राहिली. विद्यापीठाचा परीक्षक हाही वाचकच आहे. त्याला संशोधनपद्धती हवी, नमुना कसा निवडला ते हवं. पोर्टर तिथं शोभतात. तिनं नंतर सरांना जाऊन गुण कशाला किती ते विचारलं. त्यांनी आनंदानं सांगितलं.

शेतकऱ्यांची माहिती मात्र अवघड गेली. पहिल्या मसुद्यात "मूल्यवर्धित प्रतवारी सेवा" असे शब्द होते. तिचे स्वतःचे मामा द्राक्ष बागायतदार. मी म्हटलं, "मामांना फोन कर. हा मेसेज वाचून ते काय विचारतील?"

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. मामांनी एका दमात विचारलं, "किलोला किती घेणार? तूट किती धरणार? माल कधी हातात देणार?" चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा साधारण किलोभर बेदाणा होतो. त्यातही मार्चमध्ये ढग आले तर माल काळवंडायची धास्ती. इतकं सोसून पेटीत भरलेल्या मालातून तूट, म्हणजे वजनातली कपात, जाते म्हटल्यावर तो प्रश्न पहिल्या तिनांत येणारच.

तिनं तीन ओळींचा मेसेज लिहिला, तिन्ही उत्तरांसकट. शेठनी तुटीची ओळ खोडली. "ते समोर आल्यावर बोलू."

ती माझ्याकडे न येता थेट त्यांच्याशी बोलली. म्हणाली, "शेठ, माझे मामा ही ओळ नसेल तर पुढचं वाचणार नाहीत." अर्धा तास दोघांचं चाललं होतं म्हणे. मेसेज गेला तेव्हा आकडा त्यात होता.