मेलमधली फाईल सुधारली, सेव्ह केली, मग गेली कुठे?

आंब्याचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे एकाच जातीची पत्रं येऊ लागतात. मेलमधून फाईल उघडली, तासन्‌तास काम केलं, सेव्हही केलं आणि आता ती कुठेच दिसत नाही. या वेळी तेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक विनंती आहे. तुमची फाईल आत्ताच हरवली असेल तर संगणक ‘साफ’ करणारा कोणताही प्रोग्राम चालवू नका, विंडोजचा डिस्क क्लीनअपसुद्धा नाही. तुम्ही शोधताय ती फाईल बहुतेक वेळा त्याच कचऱ्यात धरली जाते.

प्रश्न : वाशीच्या दलालाने पेट्यांच्या हिशोबाची एक्सेल फाईल मेलने पाठवली होती. ती आऊटलुकमधून थेट उघडली आणि संध्याकाळभर बसून गाडीनिहाय पेट्या, भाडं, हमाली सगळं भरलं. मध्ये मध्ये कंट्रोल-एस दाबत होतो. आऊटलुक आधी बंद केलं, एक्सेल सगळ्यात शेवटी. सकाळी मेलमधली फाईल उघडली तर जशी आली तशीच, कोरी. स्टार्टमध्ये नाव टाकून शोधलं, काही नाही. काम वाया गेलं समजू का? (आंबा बागायतदार, देवगड)

इतक्यात तसं समजू नका. तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून फाईल सापडण्याची आशा चांगली आहे.

मेलमधल्या फाईलवर तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा आऊटलुक मूळ फाईल तुमच्या हातात देत नाही. तिची एक झेरॉक्स काढून लपवलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि ती एक्सेलला उघडायला देतो. कंट्रोल-एस दाबल्यावर बदल त्या झेरॉक्सवर उमटले, मेलमधला कागद तसाच राहिला. एरवी फाईल बंद झाली की आऊटलुक ही प्रत पुसून टाकतो. तुमच्याकडे मात्र आऊटलुक आधी बंद झाला आणि त्या वेळी फाईल एक्सेलमध्ये उघडी होती. उघडी फाईल पुसता येत नाही, म्हणून ती मागे राहिली असण्याचीच शक्यता जास्त.

सगळ्यात सोपी वाट एक्सेलमधूनच जाते. फाईल, मग ओपन, मग रीसेंट. यादीत तुमच्या फाईलच्या नावाखाली ती कुठे आहे तो मार्ग बारीक अक्षरात दिसतो. त्यात ‘कंटेंट डॉट आऊटलुक’ असे शब्द दिसले तर तीच ती. तिच्यावर क्लिक करा आणि उघडली की दुसरं काहीही करण्याआधी ‘सेव्ह ॲज’ करून डॉक्युमेंट्समध्ये नव्या नावाने ठेवा. आकडे बरोबर आहेत का ते नंतर सावकाश बघा.

रीसेंटमध्ये नसेल तर फोल्डरपर्यंत चालत जावं लागेल. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोट्या चौकटीत ‘लोकलॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत, सलग, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा आणि एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरमधून मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग आयनेटकॅश असे आत जा. इथे बहुतेक जण अडकतात, कारण पुढचं फोल्डर दिसतच नाही. ‘हिडन आयटम्स’वर खूण केली तरी दिसत नाही, कारण विंडोज त्याला स्वतःच्या संरक्षित फोल्डरांत धरतो. म्हणून वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करा, असलेल्या मार्गापुढे उलटी तिरकी रेघ देऊन ‘कंटेंट डॉट आऊटलुक’ हे नाव इंग्रजीत लिहा (‘डॉट’च्या जागी नुसता टिंब, जागा न सोडता) आणि एंटर दाबा. आत आठ अक्षरं-आकड्यांचं, काहीच अर्थ न लागणारं नाव असलेलं एक फोल्डर असेल. ते उघडा आणि ‘डेट मॉडिफाइड’वर क्लिक करून फाईली तारखेने लावा. काल संध्याकाळची वेळ दिसते का बघा. नावापुढे कंसात ००२ किंवा ००३ असेल तर गोंधळू नका, त्याच नावाची आधीची प्रत तिथे होती एवढाच त्याचा अर्थ. हवी ती फाईल कॉपी करून डॉक्युमेंट्समध्ये चिकटवा आणि तिथूनच उघडा. त्या फोल्डरमध्ये बसून काम करू नका.

स्टार्टच्या सर्चने हात वर केले याचं कारणही हेच. ॲपडेटाचा सगळा भाग विंडोजच्या शोधयादीत मुळात धरलेला नसतो.

एवढं करूनही आठ अक्षरांचं फोल्डर सापडलं नाही, तर त्याचा नेमका पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोज सगळ्या सेटिंग जिथे लिहून ठेवतो त्या वहीत) आऊटलुकच्या ‘सिक्युरिटी’ भागात, ‘आऊटलुक सिक्युअर टेम्प फोल्डर’ या नावाच्या नोंदीत असतो. जाणकार माणसाला फक्त वाचायला सांगा, तिथे काही बदलू देऊ नका. आणि तुमच्याकडे ‘नवा आऊटलुक’ असेल तर हे फोल्डर शोधण्यात वेळ घालवू नका. त्याची रीत वेगळी आहे. आधी डाऊनलोड्स बघा, मग वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची फाईली ठेवायची जागा).

पुढच्या गाडीच्या हिशोबाला मात्र फाईल आधी ‘सेव्ह ॲज’ करून बागेच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मग तिथून उघडा. आऊटलुकच्या काही आवृत्त्या मेलमधली फाईल ‘रीड ओन्ली’ उघडतात आणि सेव्ह करायला गेलं की नवं नाव मागतात. त्याचा राग येतो, पण ती अडवणूक तुमच्या भल्याची आहे. खरा धोका आहे तो मुकाट्याने सेव्ह करू देणाऱ्या आवृत्तीत.

प्रश्न : आमच्या काजू कारखान्यात एक खरेदीदार रोज ‘ऑर्डर’ याच नावाची पीडीएफ पाठवतो. गेल्या आठवड्यापासून ती उघडतच नाही. फाईल तयार करता येत नाही, फोल्डरची परवानगी तपासा, असा संदेश येतो. दुसऱ्या फाईली व्यवस्थित उघडतात. व्हायरस आहे का? (वेंगुर्ला)

दुसऱ्या फाईली उघडतात हेच उत्तराचं टोक आहे. व्हायरस नाही आणि परवानगीचाही प्रश्न नाही. वरच्या उत्तरातलं तेच आठ अक्षरांचं फोल्डर तुमच्याकडे ‘ऑर्डर’च्या प्रतींनी भरलं आहे. एकाच नावाच्या प्रतींना आऊटलुक क्रमांक देत जातो आणि ९९ पर्यंत पोचला की त्याची मोजणी संपते. मग त्या नावाची नवी प्रत त्याला काढता येत नाही आणि तो भलताच संदेश दाखवतो.

या प्रती साठल्या कशा, तेही कळायला हवं. ऑर्डर समोर उघडी ठेवून डब्ल्यू २४० किती, डब्ल्यू ३२० किती (ही काजूगराच्या दर्जांची नावं), हे बघत माल भरला जातो, संध्याकाळी कोणीतरी आधी आऊटलुक बंद करतं, पीडीएफ नंतर. रोजची एक प्रत मागे राहते. आऊटलुक बंद करा, त्या फोल्डरमध्ये जा, कोणी चुकून सुधारून ठेवलेली फाईल आहे का ते तारखेने लावून बघा, ती बाहेर काढा आणि मग बाकी सगळं पुसा. बघितल्याशिवाय पुसू नका, कोणाची तरी चार दिवसांची मेहनत तिथे असू शकते. खरेदीदाराला फाईलच्या नावात तारीख घालायला सांगा. त्यालाही जुनी ऑर्डर शोधताना बरं पडेल.

प्रश्न : पंचायत समितीकडून आलेला वर्डमधला नमुना मेलमधून उघडून शाळेचा अहवाल लिहीत होते. एकदाही सेव्ह केलं नव्हतं आणि लाईट गेली. (शिक्षिका, गुहागर तालुका)

पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून हे उत्तर मनापासून देतो. तात्पुरत्या फोल्डरात तुम्हाला कोरा नमुनाच मिळेल, कारण तुमचा मजकूर फाईलमध्ये कधी उतरलाच नाही. पण वर्ड स्वतःहून, मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी, एक वेगळी नोंद ठेवत असतो. वर्ड उघडा. डाव्या बाजूला ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ची पट्टी आली तर ती घाईने बंद करू नका. त्यातली शेवटच्या वेळेची प्रत उघडा आणि लगेच सेव्ह करा. पट्टी आली नाही तर फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. अशा प्रती चार दिवसच टिकतात, त्यामुळे सोमवारी बघू म्हणू नका.

अहवाल मिळो न मिळो, ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’ या भागात जाऊन १० च्या जागी २ मिनिटं करा. वरच्या कोपऱ्यातलं ‘ऑटोसेव्ह’ हे बटण वेगळं आहे. फाईल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच ते चालतं, मेलमधून थेट उघडलेल्या फाईलला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : मी होम-स्टेच्या बुकिंगसाठी क्रोममध्ये जीमेल वापरते, आऊटलुक नाहीच. मग माझी फाईल कुठे असेल? (मालवण)

डाऊनलोड्समध्ये. कंट्रोल-जे दाबा, यादी येईल. एकच फाईल चार वेळा मेलमधून उतरवली असेल तर चार प्रती असतील, नावापुढे कंसात १, २, ३ लिहिलेल्या. मोठा क्रमांक म्हणजे शेवटी उतरवलेली, तुम्ही सुधारलेली असेलच असं नाही. इथेही ‘डेट मॉडिफाइड’ बघूनच ठरवा.

प्रश्न : मुलीच्या मॅकवर मेल ॲपमधून पीडीएफ उघडून तिच्यावर सही टाकली. आता ती कुठे शोधू? (अलिबाग)

मॅकवरही तसंच लपवलेलं फोल्डर आहे, ‘मेल डाऊनलोड्स’ नावाचं. फाइंडरमध्ये ‘गो’ हा मेन्यू ऑप्शनचं बटण दाबून ठेवून उघडा, म्हणजे एरवी न दिसणारी ‘लायब्ररी’ दिसेल. तिच्यात कंटेनर्स, मग मेल (किंवा ‘कॉम डॉट ॲपल डॉट मेल’), डेटा, पुन्हा लायब्ररी आणि मेल डाऊनलोड्स. सही टाकली असल्याने तुमच्या फाईलला थोडं संरक्षणही आहे, कारण मेल ॲपची आपोआप पुसण्याची सेटिंग न बदललेल्या फाईलींपुरती असते.

प्रश्न : बँकेच्या कामासाठी सायबर कॅफेत माझ्या मेलमधून आधार आणि सातबारा उघडून प्रिंट काढले. मेलमधून बाहेर पडलो. तुमचं मागचं सदर वाचून धास्ती वाटते, माझे कागद तिथेच राहिले असतील का? (चिपळूण)

राहिले असतील. मेलमधून बाहेर पडलं तरी उतरवलेली फाईल डाऊनलोड्समध्ये तशीच असते. क्रोमची ‘इनकॉग्निटो’ खिडकी वापरली असती तरी राहिलीच असती. ती खिडकी फक्त कुठल्या पानांवर गेलात ते विसरते, उतरवलेल्या फाईलींना हात लावत नाही.

शक्य असेल तर आजच त्या दुकानात जा. डाऊनलोड्स उघडा, तारखेने लावा, तुमच्या फाईली निवडून शिफ्ट-डिलीट करा. नुसतं डिलीट केलं तर त्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतात. डेस्कटॉपही बघा, प्रिंटसाठी फाईल तिथे ओढून ठेवायची अनेक दुकानांत सवय असते. दुकानदाराला तुमच्यासमोर करायला सांगितलं तरी चालेल. बहुतेक जण कुरकुर करत नाहीत, त्यांच्या डोक्यालाही तो ताप नकोच असतो. कागद व्हॉट्सॲपवरून दिला असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये त्या दुकानाचा संगणक अजून जोडलेला आहे का ते बघा आणि असेल तर तिथूनच लॉग आउट करा. जीमेलसाठी गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात सगळ्या उपकरणांची यादी मिळते, अनोळखी दिसेल ते तिथूनच काढता येतं.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण त्यावर विसंबू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, एवढाच तो असतो आणि ही माहिती गावात कोणालाही असते. पुढच्या वेळी जिथे चालेल तिथे ‘मास्क्ड’ आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बँकेला पूर्ण आधार हवाच असेल तर प्रिंट घरून किंवा ओळखीच्या माणसाच्या संगणकावरून काढून न्या.