डिग्रीला ४८ टक्के, सीईटीला ९७ पर्सेंटाइल

प्रश्न : वकील मॅडम, नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातला. साताऱ्यात राहून बीएस्सी केली, केमिस्ट्री घेऊन. दुसऱ्या वर्षी वडिलांचा अपघात झाला. तेव्हापासून म्हशी आणि डेअरीला दूध घालायचं काम माझ्याकडे आलं. सकाळची प्रॅक्टिकलं बुडायची, एटीकेटी लागत गेल्या. शेवटी डिग्री मिळाली, पण कॉलेजात काढून दिलेल्या हिशोबाने ४८ टक्केच होतात. मार्कशीटवर नुसता सीजीपीए आहे. यंदा तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली आणि ९७ च्या वर पर्सेंटाइल आलं. मामा म्हणतात, ४८ टक्क्यांवर धड कॉलेज कोण देणार, ओळखीने मॅनेजमेंटची सीट बघू. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, कॉलेजचे गुण जन्मभर आडवे येतात, आधी एमएस्सी करून टक्के वाढव. काय करू? आणि पुणं भरू की सातारा? मी लहान आहे, अरेतुरेच लिहा.
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : बाळा, तुला प्रवेश मिळेल, आणि तो तुझ्या गुणवत्तेवर मिळेल. एमएस्सी नको, मॅनेजमेंटची सीट नको. आता कारणं सांगते, म्हणजे घरात मामांसमोर बोलताना अडखळायला नको.

बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था, तिचे कायदेशिक्षणाचे २००८ चे नियम आहेत. त्यात प्रवेशासाठी डिग्रीला किमान ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४० आणि ओबीसींना ४२. या आकड्याचं काम एवढंच, की तू अर्ज करायला पात्र आहेस की नाही हे ठरवायचं. एकदा पात्र ठरलास की यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. ४८ वाला आणि ८४ वाला एकाच यादीत असतात, आणि ज्याचं पर्सेंटाइल जास्त तो वर. ८४ टक्क्यांचा मुलगा सीईटीत तुझ्या मागे असेल तर तो यादीतही तुझ्या मागेच राहणार.

मामांना पर्सेंटाइल नीट समजावून सांग. तुला शंभरात ९७ गुण मिळाले असं नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी सत्त्याण्णव टक्के मुलं तुझ्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. त्यात नुसतं एलएलबी करून बघू म्हणणारे आहेत, तसे पुण्या-मुंबईत क्लास लावून बसलेलेही आहेत. दोन तासांत १२० प्रश्न, त्यातले ४० इंग्रजीचे. तो भाग आपल्याकडच्या मुलांना जड जातो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. धार काढून, दूध घालून, मग अभ्यासाला बसून तू हे केलंस. मला तुझा फार अभिमान वाटला.

चुलतभाऊ खोटं सांगत नाही, पण तो तिथलं सांगतोय. अमेरिकेत लॉ स्कूलला प्रवेश घेताना एलसॅट नावाची परीक्षा असते, १२० ते १८० अशा गुणांची. तो आकडा आणि कॉलेजातला जीपीए, दोन्ही शेजारी ठेवून बघतात. शिवाय निबंध, शिफारसपत्रं. तिथली कॉलेजं आपल्या विद्यार्थ्यांच्या दोन्ही आकड्यांचे मध्यक जाहीर करतात. त्यामुळे एक आकडा चांगला आणि दुसरा पडलेला असा मुलगा घ्यायचा की नाही, यावर त्यांना विचार करावा लागतो. गुण कमी का पडले हे सांगायला अर्जाबरोबर वेगळं टिपणही जोडता येतं. आपल्याकडे असं टिपण कुणी मागत नाही. वडिलांचा अपघात, म्हशी, बुडलेली प्रॅक्टिकलं, यातलं काहीही तुला कुणाला पटवून द्यायचं नाही. पात्रता आहे, पर्सेंटाइल आहे, बास.

एमएस्सीने काय होईल ते बघ. दोन वर्षं जातील, आणि यादीतला तुझा नंबर एका जागेनेही वर सरकणार नाही. एलएलबी करताना जोडीला दुसरा नियमित अभ्यासक्रम करायलाही बार कौन्सिलचा नियम परवानगी देत नाही, म्हणून ‘दोन्ही सोबत करू’ हा तिसरा सल्ला कुणी दिला तर तोही बाजूला ठेव.

आता एक काम मात्र या आठवड्यात कर. कॉलेजात कुणीतरी कागदावर मांडून दिलेला टक्केवारीचा हिशोब प्रवेशाच्या वेळी चालत नाही. शिवाजी विद्यापीठाकडून सीजीपीएचे टक्के किती होतात याचं अधिकृत पत्र आण. तुझे टक्के ४५ च्या फार वर नाहीत, आणि कागदपत्रं तपासणारा माणूस तुझा सीईटीचा निकाल बघण्याआधी हाच कागद बघणार. हुशार मुलांचे अर्ज असल्या एका कागदापायी त्रुटीत पडलेले मी पाहिलेत. कोल्हापूरला विद्यानगरात, विद्यापीठात, स्वतः जाऊन ये, आणि पत्रावर सही-शिक्का आहे ना, सगळ्या सेमिस्टरचा उल्लेख आहे ना, हे तिथेच उभं राहून बघ. एटीकेटीच्या सगळ्या मार्कशीटही क्रमाने लावून ठेव. एटीकेटी लागल्या म्हणून प्रवेश अडत नाही, पण एखादी मार्कशीट हरवलेली असली तर अडतो.

मॅनेजमेंट सीटबद्दल मामांना माझा निरोप सांग. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतलास तर घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असताना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्यातून शिकवणी शुल्काचा अर्धा भार सरकार उचलतं. ती वाट सोडून, पदरचे पैसे मोजून, जी जागा गुणांवर मिळतेय तीच विकत घ्यायची? मामांची माया मला दिसते. त्यांनी तेच पैसे तुझ्या पुस्तकांना आणि एसटीच्या पासला द्यावेत.

इथवरचं सोपं होतं. खरं बोलायचंय ते यापुढचं.

सीईटीने तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली : तू भरभर वाचतोस, नेमकं हेरतोस. बीएस्सीच्या गुणांनी दुसरी सांगितली : तीन वर्षं रोज वर्गात बसणं तुला जमलं नाही. कारण काहीही असो, आणि तुझं कारण तर कुणीही आदराने मान लववावी असं होतं, पण एलएलबीला हीच दुसरी गोष्ट लागते. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी, हा नियम आहे. आणि परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा नसतो. पानंच्या पानं लिहायची असतात. करार कधी रद्दबातल ठरतो, सामायिक इरादा म्हणजे काय, एखादी हकिगत देऊन ‘अमुक दोषी आहे का’ असं विचारलेलं. उत्तर ‘हो’ की ‘नाही’ याला गुण थोडे. तिथवर कोणत्या कलमाने, कोणत्या निवाड्याने पोहोचलास त्याला जास्त. सीईटीत चमकलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला आपटतात ती इथे. त्यांना येत असतं, लिहायची सवय नसते.

म्हणून पुणं की सातारा याचं उत्तर मी कॉलेजच्या नावावरून देणार नाही. पुण्याचं आयएलएस १९२४ पासूनचं, तिथली लायब्ररी, मूट कोर्ट म्हणजे सरावाचे लुटुपुटूचे खटले, आजूबाजूची मुलं, सगळं उत्तम. पण मला आधी हे सांग, तू पुण्यात असताना सकाळची धार कोण काढणार? वडील उभे राहू लागलेत का? धाकटा भाऊ, चुलते, गडी, कुणी पक्कं आहे का? असेल तर पुण्याचा पर्याय वर भर. नसेल, तर दर शनिवारी गावाकडे, सोमवारी उशिरा परत, हजेरी घसरून ६० टक्क्यांवर, आणि पुन्हा बीएस्सीचीच गत. त्यापेक्षा साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज तुला सोयीचं. रयत शिक्षण संस्थेचं आहे. कर्मवीर अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ काढली ती तुझ्यासारख्याच मुलांसाठी. कोरेगावहून एसटीने रोज येऊन-जाऊन करणारी मुलं माझ्या ऑफिसला उमेदवारी करून गेलीत, आणि त्यांतली एक आज माझ्यापेक्षा सुबक कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, लिहिते.

पर्याय भरताना पहिला क्रमांक नुसता नावासाठी टाकू नकोस. जिथे खरंच जाणार असशील तेच वर.

आणखी एक गोष्ट तुझ्या पिढीच्या बाजूने फिरली आहे. आमच्या वेळी हायकोर्टात उभं राहायचं म्हणजे मुंबई, तिथली खोली, तिथला खर्च. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. साताऱ्यात शिकून, साताऱ्यातल्या एखाद्या चांगल्या सीनिअरकडे बसून, कोल्हापूरला हायकोर्टात उभं राहता येतं. या बेंचसाठी इथल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं. त्याचं फळ तुझ्यासारख्यांनी घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

बीएस्सीचे ४८ पुढे कुठे दिसतील? सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेताना नाही. २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्कही ७५० रुपयांवर आलंय, अनुसूचित जाती-जमातींना १२५. ऑल इंडिया बार एक्झामिनेशन या वकिलीसाठीच्या परीक्षेलाही डिग्रीचे टक्के बघत नाहीत. न्यायाधीश व्हायचं मनात आलं, तर मे २०२५ पासून दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली करणं पुन्हा सक्तीचं झालंय, तेवढं डोक्यात ठेव. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्म, परदेशातलं एलएलएम, इथे गुण बघतात, आणि पहिल्यांदा बघतात ते एलएलबीचे. ते अजून तुझ्या हातात आहेत.

प्रवेश होईपर्यंत रिकामा बसू नकोस. भारतीय न्याय संहितेची, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्याची, बेअर अॅक्ट (नुसत्या कलमांचं पुस्तक) आण, मराठी-इंग्रजी दोन्ही शेजारी असलेली मिळाली तर उत्तम. रोज एक कलम वाच, पुस्तक मीट, आणि त्यावर एक पान स्वतःच्या शब्दांत लिही. कलमं ३५८ आहेत, म्हणजे पहिलं वर्ष सरेपर्यंत पुरतील. तिच्याआधीचा जुना दंडसंहितेचा कायदाही पुढे शीक, कारण १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांचे खटले त्याच्याखालीच चालतायत आणि तू सनद घेशील तेव्हाही चालू असतील.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावीला ५३ टक्क्यांनी पास झाली, पण पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीला फार छान गुण आले. शेजारी म्हणतात, इतक्या कमी टक्क्यांवर मुलीच्या शिक्षणाला पाच वर्षं पैसा घालू नका. मिस्टरांचंही मन डळमळतंय.
— एक आई, तासगाव

उत्तर : घाला, आणि निर्धास्त घाला. तिथेही बारावीला ४५ टक्क्यांचीच अट आहे आणि पुढे यादी सीईटीवर लागते. मिस्टरांना हेही सांगा, की २०२४-२५ पासून महाराष्ट्रात कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत तिथे फार गर्दी होते. सांगलीत आणि कोल्हापुरात दोन्हीकडे चांगली कॉलेजं आहेत. वसतिगृहात ठेवायचं की रोज ये-जा, हे मुलीला विचारून ठरवा. परीक्षा तिने दिली आहे, तिचं मत घरात सगळ्यांत वजनदार असू दे.

प्रश्न : मी पतसंस्थेत नोकरीला आहे, वय ३६. बी.कॉम.ला ४४.६ टक्के होते. सीईटीत खूप गुण मिळवले तर सूट मिळते का? वयाची अडचण येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वयाची अडचण नाही. टक्क्यांची आहे. सीईटीत कितीही वर गेलात तरी ४५ च्या खालचा खुल्या गटातला अर्ज पात्र धरत नाहीत, आणि ४४.६ चे ४५ होतील या भरवशावर वर्ष घालवू नका. तुम्ही ओबीसी असाल तर मर्यादा ४२ आहे, मग जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर, तिन्ही आधी हातात घ्या, सीईटीचा फॉर्म नंतर. खुल्या गटात असाल तर आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन श्रेणीसुधाराची परीक्षा देता येईल का ते लेखी विचारा. नोकरीचंही आत्ताच बघा. एलएलबी नियमित वर्गांचीच असते, ७० टक्के हजेरी तुम्हालाही लागेल. पतसंस्थेतल्या साहेबांशी वेळेबद्दल बोलणं झालं, आणि तेही कागदावर, की मगच फी भरा.