नळ्या मोकळ्या, मग हृदय कमजोर काऊन?

प्रश्न : आमचे घरधनी ४१ वर्षांचे. दिवाळीपासून कापसाचं गाठोडं उचललं की दम लागते. रात्री सपाट झोपता येत नव्हतं, पायावर सूज. नागपूरले अँजिओग्राफी केली, नळ्या मोकळ्या निघाल्या. इकोत लिहून आलं, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, ई.एफ. २५ टक्के. नळ्या मोकळ्या तर हृदय कमजोर काऊन? गावातले म्हणतात दारूनं झालं, पण ते पोळ्याले अन् होळीलेच घेतात. आता बरं वाटते, गोळ्या बंद करू का? (सासरे ४५ चे असताना डवऱ्यामागं चालता चालता पडले अन् गेले. मोठा पोरगा १८ चा आहे, पोलीस भरतीसाठी रोज पळते.)
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी, कंसात लिहिली. तिच्याकडे येतो. आधी नळ्या.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या. हृदय स्वतः मांसाचं, आणि नळ्या स्वच्छ असल्या तरी ते मांस आजारी पडू शकतं. लोहाराचा भाता आठवा. चामडं ताणून सैल पडलं की भाता मोठा दिसतो, पण दाबला तरी फुंकर जोराची निघत नाही. घरधन्यांचं हेच झालंय. हृदयाच्या मांसाचा आजार म्हणजे कार्डिओमायोपॅथी, आणि हा सैल पडलेला प्रकार म्हणजे डायलेटेड. दुसऱ्या प्रकारात चामडं जाड होतं, आत जागाच उरत नाही. हा बहुतेक घराण्यातून येतो, ५०० माणसांत साधारण एकाला असतो आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. तिसऱ्यात चामडं वाळून कडक होतं, भाता नीट उघडतच नाही. तो क्वचित दिसतो. आणखीही आहेत, त्यांत आज शिरत नाही.

ई.एफ. म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते. २५ वाचून घाबरला असाल. निरोगी हृदयही आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ५५ ते ७० टक्केच टाकतं. २५ कमीच आहे, पण शंभराशी तुलना करू नका.

आता काऊन ते. दारूने होतं, पण वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याला. पोळ्या-होळीच्या घोटाने नाही. गावाने एक कारण ठरवलं की आम्ही डॉक्टरही कधी कधी पुढे शोधत नाही, हे मला पटत नाही. विषाणूचा आजार येऊन गेल्यावर, थायरॉइड बिघडल्यावर, महिनोनमहिने ठोके वेगात राहिल्यावर, कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधानेही हृदय असं सैल पडतं. सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, रुग्णाला वारंवार रक्त चढवलं तर हृदयात लोह साचू शकतं. आपल्या भागात हे विचारायलाच हवं. दारू, थायरॉइड, ठोके यांतलं काही वेळेत हाती लागलं तर हृदय बरंचसं सावरतं, म्हणून ही शोधाशोध.

बाळंतपणाचं कारण तर मीच एकदा हुकलो. तीन आठवड्यांची ओली बाळंतीण, दम आणि सुजलेले पाय. रक्त कमी आहे म्हणालो, लोहाच्या गोळ्या दिल्या, घरी पाठवली. चौथ्या दिवशी ऑटोतून आणली तेव्हा तिला आडवंही होता येत नव्हतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाचेक महिन्यांपर्यंत हृदय असं एकाएकी कमजोर पडू शकतं. ती वाचली. तेव्हापासून प्रत्येक बाळंतिणीला मी आधी विचारतो, रात्री उशा किती लागतात?

आता कंसातली ओळ. सासऱ्यांना काय झालं होतं ते आज सांगता येणार नाही. पण बाप पन्नाशीच्या आत चालता चालता जातो आणि मुलाला ४१ व्या वर्षी हा आजार निघतो, तेव्हा दोष घराण्यातला असू शकतो असं धरूनच चालावं. तसा असला तर बहुधा प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. तुमच्या सगळ्या लेकरांचा, दिराचा, नणंदेचा ईसीजी आणि इको करून घ्या. आज चांगला निघाला तरी काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल. हा आजार वय वाढल्यावरही डोकं काढतो.

गोळ्या मुळीच बंद करू नका, बरं वाटतंय ते त्यांच्यामुळेच. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नका, ती अंगात पाणी धरते. लोणचं, पापड कमी. वजन उपकेंद्रातल्या काट्यावर पाहत राहा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

मोठ्याला सांगा, इको होईपर्यंत पळणं बंद. रागावेल, भरतीत १६०० मीटर पळायचे असतात आणि सराव सुटतो म्हणेल. रागावू द्या. इकोला जाताना बापाची फाइल सोबत न्या, आणि आजोबांची गोष्ट तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, कंसात नको.